आमदारकी कोणाच्या वतनाची?



आपल्या खेड्यांत एखादा सुतार वा कुणबी निवडणुकीस उभा राहातों म्हणाला कीं, पहिला प्रश्न निघतो, "तुझ्याजवळ आहे काय?" त्यास आम्हीं पंजाबांतला दाखला देतों.

सन २०२२ च्या विधानसभा निवडणुकींत भदौर येथें लाभसिंग उगोके उभे राहिले. ते मोबाईल दुरुस्तीचें काम करीत. आई सरकारी शाळेंत झाडूवाली. समोर खुद्द मुख्यमंत्री चरणजितसिंग चन्नी! उगोके ३७,५५८ मतांनीं विजयी झाले. निकालानंतरहि आईनें झाडू सोडला नाहीं.

खरें तेंच बोलूं. त्यांच्यामागें आम आदमी पक्षाची लाट होती. ११७ पैकीं ९२ जागा त्या पक्षास मिळाल्या. हा एकट्याचा पराक्रम नव्हे. पण कायदा एकट्यासहि अडवीत नाहीं. विधानसभेस अनामत १०,००० रुपये. अनुसूचित जातिजमातींस ५,०००. पडलेल्या उमेदवारास वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मतें नसल्यास ती जप्त होते. अपक्षास मतदारसंघांतील दहा सूचक लागतात.

दहा सूचक म्हणजे दहा घरें. लग्नाचा मांडव घालावयास जीं घरें धांवून येतात, तीं या कागदावर सही करावयास कां कचरतात? हें भय पैशाचें नव्हे, मनाचें आहे. तें टाका.

आणि आपला माणूस निवडून आला तरी सूट देऊं नका. त्यालाहि चावडीवर बोलावून हिशेब विचारा. नाहींतर जुनें वतन गेलें आणि नवें आलें, इतकेंच होईल.