रविवारची खुशाली

निवृत्तीनंतर माझा रविवार फोनवरच्या खुशालीचा. निफाडहून धाकटा भाऊ सांगतो, पारा फार उतरलाय. द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्या, ठिबकनं पाणी सोडलं. लेकीकडे नातवाचा पहिला दात पडला. मग विषय क्रिकेटचा! नातवाला मी भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगतो. डिसेंबर 1948, पुण्याचं मैदान, समोर काठेवाड. भाऊसाहेब नाबाद 443. ब्रॅडमनच्या 452 धावांचा विश्वविक्रम गाठायला अवघ्या 9 धावा हव्या होत्या, आणि काठेवाडच्या कर्णधारानं सामनाच सोडून दिला. मला आजही हळहळ वाटते. अशा फलंदाजाला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. रणजी करंडकातला त्यांचा उच्चांक मात्र अजून कुणीही मोडलेला नाही.