न पळालेल्या गाडीचं तेल



आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर जातील. स्पोर्ट्स कारचं ऑइल किती दिवसांनी बदलावं, यावर एका कवीनं का बोलावं? आणि स्पोर्ट्स कार आपल्यापैकी किती जणांच्या दारात उभी आहे? दोन्ही शंका रास्त आहेत. पहिलीचं उत्तर असं, की या बाबतीत मी एक चुकीचा सल्ला दिला आणि त्याची किंमत माझ्या भाच्यानं मोजली. दुसरीचं उत्तर असं, की स्पोर्ट्स कारला जे लागू आहे, ते थोड्याफार फरकानं सोसायटीत कव्हर घालून ठेवलेल्या तुमच्या साध्या गाडीलाही लागू आहे.

आधी घडलेलं सांगतो. भाचा पुण्यात नोकरीला असतो. लहानपणी त्याच्या वह्यांच्या मागच्या पानांवर गाड्यांचीच चित्रं असायची. चार वर्षांपूर्वी साठवलेले पैसे आणि वर थोडं कर्ज, असं जमवून त्यानं मुंबईतून एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. गाडी नऊ वर्षांची, पण मीटरवर किलोमीटर फक्त १४ हजार. “मामू, नवीच आहे समजा,” तो फोनवर म्हणाला. ईदला तो ती घेऊन कोल्हापूरला आला. गल्लीतली पोरं गोळा झाली. आमच्या बहिणीनं मुलाची आणि गाडीची, दोघांचीही नजर उतरवली.

उद्यमनगरात माझा एक शाळासोबती गॅरेज चालवतो. कौतुकानं आम्ही गाडी त्याला दाखवायला नेली. त्यानं गाडीला एक फेरी मारली, बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी बाहेर काढली. तेलाचा थेंब दोन बोटांत चोळला आणि वास घेतला. मग विचारलं, “शेवटचं ऑइल कधी बदललंय?” सर्व्हिसच्या पुस्तकात नोंद होती चार वर्षांपूर्वीची. त्यानंतर गाडी चालली होती जेमतेम दोन हजार किलोमीटर. मिस्त्री म्हणाला, “हे तेल काढून टाका. फिल्टरबी बदला. या नंबरचं ऑइल माझ्याकडं नाही, उद्या मागवतो. उद्या संध्याकाळी जावा.”

भाच्याला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मी बोलून गेलो, “अरे, पुस्तकात १५ हजार किलोमीटर लिहिलंय. गाडी दोन हजारच चाललीय. पुण्यात जाऊन बदल की सावकाश.” खरं सांगायचं तर माझ्या मनात होतं, की मिस्त्री लोकांना गिऱ्हाईक दिसलं की काहीतरी बदलायला हवंच असतं. माझा मित्र एवढंच म्हणाला, “कविराज, गाडी पळाली न्हाई म्हणून काय झालं? वर्सं तर पळाली की.”

वाक्य मला आवडलं. अर्थ मात्र मी मनावर घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा निघाला. कराड ओलांडल्यावर मोकळा रस्ता पाहून त्यानं गाडी थोडी पळवली. साताऱ्याच्या अलीकडे डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लुकलुकला. पेट्रोल पंप जवळच असेल, तिथं बघू, असं म्हणून तो आणखी तीन-चार किलोमीटर गेला. तेवढ्यात इंजिनातून कुणी हातोडी मारावी तसा आवाज सुरू झाला. गाडी टेम्पोवर चढवून परत उद्यमनगरात आली. चेंबर उघडलं, तर तळाशी काळी मळी साचलेली. तीच जाळीत अडकून तेल वर चढायचं थांबलं होतं. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं खरवडून गेली होती, क्रँकवर चरे पडले होते. खर्च लाखांत गेला. भाचा मला एका शब्दानं बोलला नाही. ते मला जास्त लागलं.

त्यानंतर मी मित्राच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून बरंच काही समजून घेतलं. ते थोडक्यात सांगतो.

इंजिनातलं तेल केवळ वंगण म्हणून नसतं. ते उष्णता वाहून नेतं, जळणाची काजळी आणि कचरा स्वतःत धरून ठेवतं, पिस्टनच्या रिंगांभोवतीच्या फटी बुजवतं, धातूला गंजू देत नाही. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो तो केसापेक्षाही बारीक. इंजिनाचं सगळं आयुष्य त्या थरावर तोललेलं असतं.

आता स्पोर्ट्स कारमध्ये वेगळं काय? आपल्या सर्वांना माहीत असलेली गाडी घ्या. २००२ साली सचिन तेंडुलकरनं ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. मायकेल शूमाकरच्या हस्ते. तिच्या आयात शुल्कावरून २००३ साली केवढा वाद झाला, २०११ साली ती विकली गेली त्याचीही बातमी झाली. त्या गाडीचं इंजिन ३.६ लिटरचं, आठ सिलिंडरचं आणि ४०० अश्वशक्तीचं. ही सगळी ताकद मिळते मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्यांवर. म्हणजे प्रत्येक पिस्टन सेकंदाला १४० हून अधिक वेळा वर-खाली होतो. हायवेवर जाणाऱ्या आपल्या साध्या गाडीत हाच आकडा पन्नासच्या आसपास असतो. अशा इंजिनात तेलाला किती मार बसत असेल, पाहा. वळणावर तेल एका बाजूला पळून पंप कोरडा पडू नये, म्हणून या गाड्यांत अनेकदा तेलाची वेगळी टाकीच असते.

डब्यावर ‘५डब्ल्यू-४०’ असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती टिकतो ते. दोन्ही साधण्यासाठी तेलात लांब साखळ्यांची रसायनं घातलेली असतात. वेगानं फिरणाऱ्या भागांत सापडून त्या साखळ्या तुटत जातात आणि गरम तेल पातळ पडू लागतं. जिथं टर्बो असतो, तिथं त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो. पळवून आणलेली गाडी एकदम बंद केली, की तिथलं तेल जागच्या जागी जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून शेवटची काही मिनिटं गाडी सावकाश चालवावी.

हे झालं पळणाऱ्या गाडीचं. माझी चूक झाली ती न पळणाऱ्या गाडीबद्दल. एक लिटर पेट्रोल जळलं, की त्यातून जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी रिंगांच्या फटींतून खाली तेलात उतरते. थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोलही तसंच उतरतं. गाडी दूरवर गेली, तेल चांगलं तापलं, तर हे सगळं उडून जातं. पण गाडी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेऊन परत आणली, तर पाणी आणि पेट्रोल तेलातच राहतं. त्यातून आम्ल तयार होतं, तेलातली चांगली रसायनं ते मारण्यात खर्ची पडतात आणि पुढं मळी साचू लागते. भाच्याच्या गाडीचे ते दोन हजार किलोमीटर असेच, दोन-दोन, तीन-तीन करून झालेले होते. माझ्या मित्रानं घेतलेला पेट्रोलचा वास तो हाच.

मग किती दिवसांनी बदलायचं? बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात दोन आकडे असतात, किलोमीटरचा आणि महिन्यांचा. पुढं लिहिलेलं असतं, यातलं जे आधी होईल ते. आम्ही मामा-भाच्यांनी पहिलाच आकडा वाचला होता. फेरारी नव्या गाड्यांसोबत सात वर्षांची देखभाल देते, तिचा नियम आहे २० हजार किलोमीटर किंवा वर्षातून एकदा. गाडी वर्षभरात पाचशे किलोमीटर चालली तरी वर्षाचं तेल वर्षाला बदललं जातं.

यावरून माझ्या मित्राचा हिशोब असा. स्पोर्ट्स कार कितीही कमी चालो, वर्षातून एकदा तेल आणि फिल्टर बदलायचाच. रोज वापरात असेल आणि चांगलं सिंथेटिक तेल असेल, तर आठ ते दहा हजार किलोमीटर. सतत जोरात पळत असेल, तर पाच हजार. रेसिंगच्या ट्रॅकवर नेत असाल, तर तिथं तेल सहज १२० अंशांच्या पुढं तापतं; अशा एक-दोन फेऱ्यांनंतर किलोमीटर मोजत बसू नये. काही कंपन्यांच्या वेगवान गाड्यांना, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना, नवेपणी दोन हजार किलोमीटरला पहिला बदल सांगितलेला असतो. तो चुकवू नये. आणि पुस्तकातला आकडा याहून कमी असेल, तर पुस्तकच खरं.

आणखी दोन-चार गोष्टी. पावसाळ्यात खड्डे आणि स्पीडब्रेकर यांच्या धास्तीनं या बुटक्या गाड्या चार महिने झाकून ठेवतात. त्यांचं तेल मे अखेर बदलावं, म्हणजे जुनं आम्ल पावसाळाभर बेअरिंगांवर बसून राहत नाही. दर रविवारी गाडी जागेवरच पाच मिनिटं सुरू ठेवण्याची पद्धत आहे, ती उलट घातक आहे. तेवढ्यात तेल तापत नाही, पाणी मात्र साचतं. सुरू करायची तर वीस-पंचवीस मिनिटं चालवून आणावी, नाहीतर तशीच राहू द्यावी. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल तापलं असं नाही, त्याला बराच जास्त वेळ लागतो. तोवर ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवावा. तेल काळं झालं म्हणजे वाया गेलं असंही नाही, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पातळी मात्र वरचेवर पाहावी. काही स्पोर्ट्स इंजिनांना हजार किलोमीटरमागं लिटरभर तेल लागणं पुस्तकातच चालण्यासारखं मानलेलं असतं. पातळी पाहायची रीत प्रत्येक गाडीची वेगळी, काहींत इंजिन गरम आणि चालू असतानाच पाहायची असते. आणि लाल दिवा लागला, तर पंप शोधू नये. बाजूला घेऊन इंजिन बंद करावं.

उगाच दर महिन्याला तेल बदलण्यातही शहाणपण नाही. काढलेलं तेल कायद्यानं धोकादायक कचरा आहे. ते गटारात किंवा शेताच्या बांधावर न ओतता, पुन्हा शुद्ध करणाऱ्यांकडं जाईल असं पाहावं. एवढ्याशा तेलानं पुष्कळ पाणी नासतं.

भाच्याची गाडी सात महिन्यांनी पुन्हा रस्त्यावर आली. आता दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो ती घेऊन कोल्हापूरला येतो. मित्र तेल बदलतो, नवा फिल्टर बसवतो आणि गाडीच्या पुस्तकात तारीख माझ्याकडून लिहून घेतो. म्हणतो, “तुझं अक्षर बरं आहे.” मी मुकाट्यानं लिहितो.

आज घरी गाडीचं पुस्तक असेल, तर काढून पाहा. किलोमीटरच्या शेजारी महिन्यांचाही आकडा असेल. तोही वाचा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)