पानपिंपरीचं मोल कशात मोजायचं?

अंजनगाव सुर्जी आणि अकोटच्या मळ्यांत पिकणारी पानपिंपरी औषधाला जाते. मग तिचा कस नुसता रंग आणि वाळवण पाहून कसा ठरवायचा? तिच्यातलं पायपरिन हे तिखट द्रव्यच मोजायला हवं. वाळल्या पिंपरीची पूड मेथेनॉलमध्ये भिजवतात, अर्क गाळून बारीक कॉलममधून सोडतात. घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यांना विद्युतभार देऊन त्यांचं वस्तुमान टिपतो. पायपरिन २८६ वर दिसतं, फोडलं की २०१ चा तुकडा देतं. माहीत असलेल्या प्रमाणाच्या शुद्ध पायपरिनशी ताडून पाहिलं की अर्कातलं प्रमाण कळतं. पायपरिनच्या समघटकांचं वस्तुमानही तेवढंच असतं, म्हणून आधी कॉलम लागतोच.

आयुर्वेद अख्खं फळ वापरतो, एका घटकावर काय ठरणार, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे. पायपरिन काळ्या मिरीतही असतं. तेव्हा या आकड्यावरून अस्सलपणा सिद्ध होत नाही, सोबतचे घटकही पाहावे लागतात. पण म्हणून मोजूच नये, हे मला पटत नाही. मास स्पेक्ट्रोमीटर महाग आहे खरा. मात्र नुसत्या पायपरिनसाठी साधं एचपीएलसी, म्हणजे कॉलमने घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, पुरतं, आणि गावातल्या शेतकऱ्यांनी गट करून एकत्रित नमुना पाठवला तर तपासणीचा खर्च वाटला जातो.