निरक्षर बाईंचं नाव, पदवीच्या कागदावर

पदवीधर मित्रमैत्रिणींनो, आज तुमच्या हाती आलेल्या पदवीपत्रावर ज्या बाईंचं नाव छापलेलं आहे, त्यांना स्वतःला ते वाचता आलं नसतं. बहिणाबाई चौधरी शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावात चौधऱ्यांच्या घरी आल्या आणि ऐन तिशीत विधवा झाल्या. पुढचं सगळं आयुष्य शेत, घर आणि मुलं सांभाळण्यात गेलं. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. १९९० साली सुरू झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव मिळालं.

या बाईंना कविता सुचायची कधी? हातातलं काम संपवून निवांत बसल्यावर नव्हे, तर काम चालू असताना. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी अशा शेतीच्या एकेका कामावर त्यांची गाणी आहेत, आणि त्यांत कामाची खडान्‌खडा माहिती आहे. उपणणीचंच घ्या. खळ्यात बाई उंचावर उभी राहते, पाटीतलं धान्य हळूहळू खाली सोडते. वारा भूस उडवून नेतो आणि दाणा सरळ खाली पडतो. वारा पडला की मात्र सगळं अडतं. भरलेली पाटी हातात घेऊन नुसतं ताटकळत राहायचं. बहिणाबाईंच्या गाण्यात त्या वाऱ्याला हाक मारतात, मारुतीचा बाप म्हणून त्याला नात्यानं बोलावतात, आणि तो हुलकावण्या देतो म्हणून त्याच्यावर रागावतातही. पुराणातला वायुदेव असा खळ्याच्या कडेला येऊन उभा राहतो, आणि त्याला कामाला लावलं जातं. देवाशी इतकी सलगी करायला श्रद्धा फार खोल रुजलेली असावी लागते.

ही श्रद्धा भाबडी नव्हती. कपाळाचं कुंकू पुसलं गेल्यावर, उरलेलं नशीब सांगायला येणाऱ्या ज्योतिष्याला त्यांनी एका कवितेत दारातूनच परत पाठवलं आहे. ज्या काळात विधवा बाईला तिच्या कर्माचा हिशेब गावात कुणीही ऐकवून जाई, त्या काळातली ही कविता आहे. मातीत दाणा टाकला की अंकुर वर येतो, यावर त्यांचा विश्वास होता. हातावरच्या रेषांवर नव्हता.

सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता तर महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पक्षीशास्त्र सांगतं की खोपा विणतो तो नर. मादी अर्धवट झालेला खोपा पारखते आणि पसंत पडला तर तिथे राहायला येते. कवितेत सगळं श्रेय सुगरणीला मिळालं आहे. तरीही कवितेतलं पाहणं खरंच राहतं, कारण बहिणाबाईंची नजर चोचीवर खिळली आहे. एवढीशी चोच हेच एकमेव अवजार, आणि त्यातून झाडाला टांगलेलं, वाऱ्यानं न सुटणारं विणकाम. मग कविता माणसाकडे वळते आणि त्याच्या दोन हातांचं आणि दहा बोटांचं काय, असं विचारते.

या कविता आपल्यापर्यंत आल्या कशा, हे पदवीधरांनी विशेष लक्ष देऊन ऐकावं. बहिणाबाई गात, आणि त्यांचे कवी असलेले चिरंजीव सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ ते वहीत उतरवून घेत. आईच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. हे धन महाराष्ट्रापासून लपवणं हा गुन्हा ठरेल, अशा अर्थाचं अत्रे बोलले, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. जे कुणी लिहून घेतलं नाही, ते बहिणाबाईंबरोबर गेलं. ही हळहळ कोणत्याही पुरस्कारानं किंवा नामकरणानं भरून निघणारी नाही.

आणि बहिणाबाई एकट्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून जास्त भरली. पहाटे दोन बायका समोरासमोर बसत, एकच खुंटा धरून जातं ओढत. जात्याच्या फेऱ्यावर ओवीची लय बसे. माहेर, भाऊ, नवऱ्याचा मार, पंढरीचा विठ्ठल, बाबासाहेब आंबेडकर असं सगळं त्या ओव्यांत आहे. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे खांदे सुटले, हे चांगलंच झालं. पण गाण्याची जागाही त्याबरोबर गेली.

आज या मंडपात मागच्या रांगांमध्ये तुमच्या आया, आज्या, मावश्या बसल्या आहेत. त्यांच्यापैकी कुणाला जात्यावरच्या, लावणीच्या, पाळण्याच्या दोन ओळी अजून येत असतील. घरी गेल्यावर त्यांना म्हणायला सांगा. प्रत्येकीच्या खिशात नाही तरी तुमच्या खिशात फोन आहेच. रेकॉर्डिंग सुरू करा. बोली सुधारू नका, शब्द जसा उच्चारला तसाच लिहा. शेजारी गाणारीचं नाव लिहा, तिचं माहेर आणि सासर लिहा, आणि ते गाताना तिच्या हातात कोणतं काम असायचं, तेही विचारून घ्या.