गायरानाच्या मातींतील कर्ब

हसनाबादच्या परिसरांत काय किंवा मराठवाड्यांत अन्यत्र काय, गायरान म्हटलें म्हणजे डोळ्यांसमोर येतो तो वैशाखांतला उघडा मुरूम आणि त्यावर हिंडणाऱ्या शेळ्या. सकाळीं दूध घेतांना शहरवासीयांस त्या मुरमाची आठवण होत नाहीं. परंतु दुधाचें मूळ पुष्कळदां अशाच जमिनींत असतें.

गवताचें पान हवेंतील कर्ब ओढून घेतें व त्यांतला मोठा वाटा मुळांकडे धाडतें. मुळें कुजलीं कीं त्यांतील कांहीं कर्ब मातींत मुरतो. त्याच्या योगानें मातीचे कण एकमेकांस धरून राहतात व पावसाचें पाणी जिरतें. जनावर पुनःपुन्हां जमिनीलगत चरूं लागलें म्हणजे मुळें आखूड होतात, मारवेल, पवन्या हीं सकस गवतें हटून कुसळी माजते, आणि उघडी माती वळवाच्या पहिल्या सरीबरोबर ओढ्याला मिळते. ढोबळ हिशेब असा: हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरांत सुमारें २,००० टन माती असते. तींत कर्ब शेंकडा अर्धा असला, तर तो १० टन झाला. हें भांडवल सांचण्यास पिढ्या लागतात. उधळण्यास तेवढ्या लागत नाहींत.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांत हिवरे बाजार येथें १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढें गांवानें कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली. गुरें डोंगरावर सोडावयाचीं नाहींत, गवत विळ्यानें कापून गोठ्यांत आणावयाचें, असा नियम झाला. डोंगर हिरवा झाला आणि दुधाचा धंदाही वाढला. आपल्या जालना जिल्ह्यांतील कडवंचीस इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचें काम झालें, त्या कार्यक्रमाचीही चराईबंदी ही एक अटच होती.

मात्र येथें एक गोष्ट मला नेहमी खटकते. बंदीचा ठराव ग्रामसभेंत होतो, आणि त्याचा भार पडतो तो जिला शेत नाहीं, बांध नाहीं, केवळ चार शेळ्या आहेत अशा बाईवर. तीन वर्षें थांब, असें तिला सांगणें सोपें; तोंवर शेळ्यांनीं काय खावें? म्हणून सरसकट बंदीपेक्षां गायरानाचे चार तुकडे पाडून, दर पावसाळ्यांत एक तुकडा गवताचें बी गळेपर्यंत राखावा, आणि तेथील गवत कापण्याचा पहिला हक्क भूमिहीनांस द्यावा, हें मला अधिक न्याय्य वाटतें. कर्ब सावकाश वाढेल. शेंकडा एकदशांश वाढला तरी हेक्टरी दोन टन झाला. राखलेल्या तुकड्यांतील माती भाद्रपदांत मूठभर उचलून शेजारच्या उघड्या मातीशीं ताडून पाहावी. तींत मुळें किती आलीं, हें त्या बाईसही सहज सांगतां येईल.