गुहेतलं घड्याळ



मी गिरणगावातल्या चाळीत वाढले. वडील गिरणीत साच्यावर होते. तिसरी पाळी लागली की ते सकाळी घरी येत, चहा-चपाती खाऊन भिंतीकडे तोंड करून पडत, आणि आई आम्हा भावंडांना गॅलरीत काढत असे. तोवर सगळी चाळ जागी झालेली असे. नळावर हंडे वाजत, जिन्यात पोरं धावत. दुपारी वडील तांबारलेल्या डोळ्यांनी उठून बसत आणि म्हणत, "अंग झोपलं, मी नाही झोपलो." डॉक्टर अशक्तपणाचं टॉनिक लिहून देत. त्या एका वाक्याचा अर्थ लावण्यात माझी उभी नोकरी गेली.

तो अर्थ मला प्रथम दिसला मदुराईजवळच्या एका गुहेतल्या प्रयोगात. त्यामागचे शास्त्रज्ञ एम. के. चंद्रशेखरन. जर्मनीत ट्यूबिंगेनला एर्विन ब्यूनिंग यांच्या सहवासात ते घडले. फळमाशी कोषातून पहाटेच का बाहेर पडते, हा त्यांचा तिथला विषय. तिच्या शास्त्रीय नावाचा, ड्रोसोफिलाचा, अर्थच मुळी दवाची आवड असलेली. कायम अंधारात ठेवली तरी ती वेळ पाळते. पण मधेच क्षणभर उजेड दाखवला तर तिचं आतलं घड्याळ पुढे किंवा मागे सरकतं.

भारतात परतल्यावर मात्र त्यांनी माशीबरोबर वटवाघूळही धरलं. ते काम करत त्या मदुराई कामराज विद्यापीठाजवळच्या डोंगरात गुहा होती, आणि गुहेत हजारो वर्षांचा अंधार आयता होता. परदेशी प्रयोगशाळा लाखो रुपये ओतून जो अंधार तयार करतात, तो त्यांनी पायी चालत जाऊन गाठला. मला या माणसाचं मोठेपण सर्वांत जास्त इथे जाणवतं.

१९७८ साली त्यांनी आणि मारिमुत्तू, सुब्बराज या सहकाऱ्यांनी जे प्रसिद्ध केलं ते असं. पिंजऱ्यातलं वटवाघूळ गुहेत ठेवलं. उजेड त्याला दिसत नाही, बाहेर जाता येत नाही. पण भोवतालची मोकळी वटवाघळं रोज संध्याकाळी उडून जातात, पहाटेपूर्वी परततात. कैदी त्यांच्याच वेळेला जागं होत राहिलं. तेच वटवाघूळ एकटं, निर्जन गुहेत ठेवलं, तर त्याचा दिवस रोज थोडा थोडा सरकत गेला. पुढे त्यांनी दुसऱ्या जातीचं वटवाघूळ याच वसाहतीत ठेवून पाहिलं. त्याच्यावर शेजाऱ्यांच्या येण्याजाण्याचा परिणाम झाला नाही. वेळ कळते ती आपल्या माणसांकडून, असं मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं. वटवाघळांना 'माणसं' म्हटलं म्हणून माझ्या मार्गदर्शकांनी ते खोडलं. मी ते आजही खोडणार नाही.

माणसांवरही त्यांनी मदुराईत प्रयोग केले. स्वयंसेवक घड्याळाविना, सूर्याविना दिवसेंदिवस एकटे राहिले. काहींच्या झोपेचा ताल आणि शरीराच्या तापमानाचा ताल एकमेकांपासून सुटले.

वडिलांचं झालं ते याच्या जवळचं. पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीर सर्वांत थंड असतं. त्यांना तेव्हा धोट्यावर लक्ष ठेवायचं होतं. सकाळी तापमान चढू लागे, घरी येताना ऊन डोळ्यांत जाई आणि मेंदूतल्या घड्याळाला दिवस उजाडल्याचं सांगे. ते घड्याळ पाळीसोबत उलटं फिरत नाही. दिवसा मिळते ती झोप काही तासांनी तोकडी असते, आणि तुटतो तो बराचसा स्वप्नांचा भाग. आपल्या भाषेनं पहाटेच्या झोपेला साखरझोप म्हटलं. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात सर्वांत दाट असते, हे प्रयोगशाळांना फार उशिरा, १९५३ मध्ये शिकागोत त्या झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचाली नोंदल्या गेल्यावर कळलं.

आणि चाळ? चाळ तर अख्खी वसाहत होती. तिच्या जागेपणाच्या विरुद्ध एकट्या माणसानं झोपायचं होतं. टॉनिकनं काय होणार होतं?

उद्या सकाळच्या पहिल्या सत्रात आपल्या काही विद्यार्थिनी रातपाळीच्या परिचारिकांच्या झोपेच्या नोंदी मांडणार आहेत. त्यांची प्रश्नावली मी पाहिली. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, याच्या पुढे त्यांनी एक रकाना ठेवला आहे: तुम्ही झोपता तेव्हा घरात कोण कोण जागं असतं? तो रकाना भरून आलेले कागद ऐकायला मी पहिल्या रांगेत बसणार आहे.