दोन चांदूर आणि एक जुनें नांव

अमरावती जिल्ह्यांत चांदूर नांवाचीं तालुक्याचीं गांवें दोन. नुसतें ‘चांदूर’ म्हटलें कीं ऐकणारा विचारतो, “बाजार कीं रेल्वे?” बाजार उत्तरेस, अचलपूरच्या बाजूला, रेल्वे आग्नेयेस, बडनेऱ्याहून वर्ध्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर. हा मार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. गंमत अशी कीं, स्टेशनाचें नांव रेल्वेच्या दप्तरीं नुसतें ‘चांदूर’. रेल्वेच्या घरांत ‘रेल्वे’ हें आडनांव सांगावयाचें कोणाला? पुढें या शतकांत अमरावती-नरखेड मार्ग झाला आणि चांदूर बाजारासही स्टेशन मिळालें; तेव्हां जुन्याचें नांव न हलवितां नव्यानेंच पुरें नांव धारण केलें.

हाच प्रश्न आज गणकयंत्रांच्या समूहापुढें उभा असतो. पुष्कळ यंत्रें एकत्र जोडून त्यांवर कंटेनर नांवाच्या बंद पेट्यांतून निरनिराळीं कामें चालवावयाचीं, आणि कोणत्या पेटीस यंत्राची किती शक्ति द्यावी हें स्वयंचलित कारभाऱ्यानें ठरवावयाचें, अशी ही व्यवस्था. गूगलनें २०१४ सालीं प्रसिद्ध केलेला ‘कुबरनेटीस’ हा असा कारभारी. शब्द ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. त्याच्या राज्यांत ‘नेमस्पेस’ म्हणजे जणूं परगणे असतात. एकाच नांवाच्या दोन सेवा दोन परगण्यांत सुखानें नांदतात. परगण्याच्या आंत आंखूड नांव पुरतें. बाहेरून हांक मारणाऱ्यास परगण्याचें नांव जोडावें लागतें. चांदूरचाच न्याय!

मात्र परगण्याचें नांव एकदां ठेवलें कीं बदलतां येत नाहीं. नवा परगणा उभारून सारा संसार तिकडे न्यावा लागतो. ही हलवाहलव चालू असतां कारभाऱ्यास केवळ नवें नांव शिकविलें, तर जुना परगणा त्यास बेवारशी दिसेल; आणि बेवारशी समजून तो काढून टाकला, तर आंतील प्रत्येक वस्तु त्याबरोबर जाते. उलट दोन नांवें म्हणजे दोन घराणीं मानलीं, तर एकाच घराला दुप्पट शिधा. म्हणून शहाणा कारभारी दोन्ही नांवें ओळखतो, हिशेब एकाच खात्यावर मांडतो, आणि जुन्या पत्त्यावर येणारी हांक थांबल्याखेरीज जुना दरवाजा लावीत नाहीं. हा दुहेरी व्याप नव्या मंडळींना जड वाटतो खरा. पण एका रात्रींत नाहींशा झालेल्या दप्तरापुढें तो कांहींच नव्हे.

जुनें नांव किती दिवस पाळावें, याला ठराविक मुदत नाहीं. मुंबईचें व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ सालीं छत्रपति शिवाजी टर्मिनस झालें. जुनीं माणसें अजून ‘व्ही. टी.’ म्हणतात, आणि टॅक्सीवाला त्यांना बरोबर तेथेंच नेऊन सोडतो.